जुन्या फियाटच्या हेडलाइटला रिलेचं वायरिंग

वडखळ नाक्याच्या अलीकडे गाडीत प्लास्टिक जळल्याचा वास यायला लागला. गणपतीचे दिवस, रात्रीचे दहा, मागच्या सीटवर आई, डिकीत मखराचं सामान. बाजूला घेऊन बोनेट उघडलं तर उजव्या हेडलाइटचा होल्डर मेणासारखा मऊ होऊन बल्बच्या पिनांवर ओघळला होता. दोनच दिवसांपूर्वी एका दुकानातून मी शंभर-नव्वदचे बल्ब बसवून घेतले होते, म्हणजे अप्परला (लांबच्या झोताला) शंभर वॅट आणि डिपरला (जवळच्या, खालच्या झोताला) नव्वद. "ताई, साठ-पंचावन्नने काय दिसणार? हे टाका, दिवस उगवेल," असं दुकानदार म्हणाला होता. उरलेला रस्ता एका दिव्यावर काढला. कशेडी घाटात एका वळणावर म्हशींचा कळप रस्त्यातच बसला होता आणि मला तो दिसला तेव्हा गाडी आणि म्हैस यांच्यात दोन हात अंतर उरलं होतं. गुहागरला पोचेपर्यंत आई एक शब्द बोलली नाही.

मी माहीमला राहते, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. गाडी बाबांची, १९९५ची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. घरात तिला पद्मिनी कुणीच म्हणत नाही, फियाटच. बाबा गेल्यावर ती मी ठेवली, आणि ठेवायची तर रात्री चालवता येईल अशी ठेवायची, हे त्या प्रवासानंतर ठरवलं. परत आल्यावर पहिल्याच रविवारी मल्टिमीटर घेऊन खाली उतरले. पुढे दिव्यांना रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवला, ते सगळं इथे लिहिते आहे. जुन्या मारुतीला, अँबॅसिडरला, जिप्सीलाही हेच लागू पडतं. एक फरक आहे, तो त्या जागी सांगते.

आधी मोजा

बल्ब दिव्यातच राहू द्या, होल्डरही बल्बवरच राहू द्या. होल्डर काढून त्याच्या पिनेत मीटर घातलात तर मीटर छान बारा-साडेबारा व्होल्ट दाखवील आणि तुम्ही फसाल. करंट वाहत नसेल तेव्हा सडक्या वायरवरही व्होल्टेज पूर्ण दिसतं. वायरीतली गळती करंट वाहतानाच कळते. म्हणून इंजिन चालू, रेस थोडी वाढवलेली, डिपर लावलेला, आणि मीटरच्या सुया होल्डरच्या मागच्या बाजूने आत सरकवलेल्या. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. ओढणी, मोकळे केस, सैल बाही काही नको, फॅनचा पट्टा हातभर अंतरावर फिरत असतो.

चार आकडे वहीत लिहा. बॅटरीच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज. बल्बच्या डिपरची पिन आणि अर्थिंगची पिन यांच्यामधलं. बॅटरीचा प्लस आणि बल्बची डिपर पिन यांच्यामधलं, म्हणजे जाताना वाटेत किती गेलं ते. आणि बल्बची अर्थिंग पिन ते बॅटरीचा मायनस, म्हणजे परतीच्या वाटेत किती गेलं ते.

माझ्या गाडीत साठ-पंचावन्नचे बल्ब लावून आलेले आकडे: बॅटरीवर १३.७, बल्बवर ११.३. मधले २.४ व्होल्ट गायब. त्यातले १.८ प्लसच्या वाटेत, ०.६ अर्थिंगच्या वाटेत.

२.४ व्होल्ट ऐकायला फार वाटत नाहीत, पण फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात उतरत नाही, त्याच्या किती तरी वेगाने उतरतो. ढोबळ हिशोब असा की उजेड व्होल्टेजच्या ३.४व्या घाताने बदलतो. व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड तीस टक्के पडतो. माझ्या बल्बला जे मिळत होतं त्यात तो जेमतेम निम्म्याहून थोडा जास्त उजेड देत होता, आणि तोही पिवळट. बल्बमध्ये दोष नव्हता, तो उपाशी होता.

हे व्होल्ट जातात कुठे? पद्मिनीत हेडलाइटचा सगळा करंट बॅटरीतून इग्निशनच्या वायरिंगमधून, स्टीअरिंगजवळच्या स्विचमधून, फ्यूजच्या डबीतून फिरून मग पुढे येतो. ते फ्यूज आठवत असतील, बुटके, अंगावर उघडी पट्टी असलेले, दोन पितळी पाकळ्यांत अडकवलेले. पाकळी सैल झाली, तिच्यावर गंज आला की तिथे गळती. स्विचच्या आतले पॉइंट तीस वर्षांत काळे पडलेले, तिथे गळती. आणि माहीमसारख्या जागी समुद्राचा खारा वारा वायरीच्या इन्शुलेशनखाली शिरून तांब्याला हिरवं करतो. मी एक वायर सोलून बघितली तर चार इंच आतपर्यंत तार काळपट हिरवी निघाली, बोटाने चोळली तर पूड हाताला लागली. पंचावन्न वॅटचे दोन बल्ब म्हणजे साधारण नऊ अँपिअर. नऊ अँपिअर गुणिले २.४ व्होल्ट, म्हणजे वीसेक वॅट. सोल्डरिंगचं लहान यंत्र जेवढं तापतं, जवळजवळ तेवढी उष्णता डॅशबोर्डमागच्या जुन्या वायरींमध्ये आणि पुढच्या सांध्यांमध्ये सांडत होती. यावर शंभर वॅटचे बल्ब लावले की करंट दीडपटीच्या पुढे जातो. होल्डर वितळला नसता तरच नवल.

बॅटरीवरचाच आकडा १३च्या खाली असेल तर थांबा. मग दोष चार्जिंगचा आहे, आधी अल्टरनेटर, पट्टा, रेग्युलेटर बघा. फार जुन्या फियाटला डायनॅमो असतो, त्यात इंजिन सावकाश फिरताना व्होल्टेज पडणारच. सिग्नलला दिवे मंद होतात ते त्यामुळे, आणि त्यावर रिलेचा काही इलाज नाही.

फुकटातलं काम

अर्थिंग. पद्मिनीच्या पुढच्या पत्र्यावर एका स्क्रूखाली हेडलाइटच्या अर्थिंगची वायर दाबलेली असते, आणि तो पत्रा दोनदा-तीनदा रंगवलेला असतो. स्क्रू काढा, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, नवं रिंग टर्मिनल लावा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली चोपडा. माझे ०.६ व्होल्ट तेवढ्यावर ०.२ झाले. एवढं करूनसुद्धा पुष्कळांचं काम भागेल, म्हणून बाजारात जायच्या आधी हे करून पाहा.

सामान

दोन रिले, १२ व्होल्टचे, ३० किंवा ४० अँपिअरचे, चार पिनांचे. त्यांचे सॉकेट. पातीवाल्या फ्यूजच्या दोन झाकणवाल्या डब्या आणि १५ अँपिअरचे फ्यूज. बल्बचे दोन होल्डर, चिनी मातीचे मिळाले तर तेच घ्या. वायर तीन जाडीची: बॅटरीपासून रिलेपर्यंत ४ स्क्वेअर एमएम, रिलेपासून बल्बपर्यंत आणि अर्थिंगला अडीच, रिलेच्या कॉइलला पाऊण किंवा एक. घरच्या वायरिंगमधली उरलेली वायर वापरू नका. गाडीची वायर बारीक बारीक पुष्कळ तारांची असते, हादऱ्याने मोडत नाही, आणि तिचं इन्शुलेशन बोनेटखालची उष्णता आणि तेल सोसतं. बाकी रिंग टर्मिनल, पातीची टर्मिनल, हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळून बसणारी नळी), कॉरुगेटेड पाइप (वायरी आत घालायचा वळ्यावळ्यांचा पाइप), केबल टाय.

मी रिले, होल्डर आणि फ्यूजच्या डब्या ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून घेतल्या, स्लीव्ह आणि टर्मिनल लॅमिंग्टन रोडवरून, क्रिम्पिंगचा, म्हणजे वायरीवर टर्मिनल दाबून बसवायचा, पाना नागदेवी स्ट्रीटवर. सगळं एका शनिवारच्या दुपारी, चालत. जुने अस्सल सुटे भाग हवे असतील तर कुर्ल्याला सीएसटी रोडला जावं लागतं. पाना सोडून सामान दोन हजारांच्या आत बसलं.

रिले दुकानातच तपासा. पिनांच्या शेजारी आकडे कोरलेले असतात: ३०, ८५, ८६, ८७. मीटरने ८५ आणि ८६ मधला रेझिस्टन्स बघा, सत्तर ते शंभर ओहमच्या आसपास हवा. मग त्याच दोन पिनांना दुकानातल्या बॅटरीचे बारा व्होल्ट लावा, टक्क असा आवाज यायला हवा. पाच पिनांचा रिले हातात आला तर मधल्या पिनेवर ८७ए असेल. ती पिन रिले बंद असताना जोडलेली असते, तिला बल्ब जोडलात तर गाडी उभी असताना दिवे लागून बसतील.

बल्बबद्दल. पद्मिनीच्या मूळ बल्बची बैठक पी४५टी, आणि आजच्या एच-४ बल्बची पी४३टी. एकाच्या जागी दुसरा ठोकून बसवू नका, फिलामेंट जागेवर येत नाही आणि झोत विस्कटतो. पी४५टी बैठकीतच साठ-पंचावन्नचा हॅलोजन मिळतो, तो घ्या. रिफ्लेक्टर काळवंडला असेल तर अख्खा दिवा एच-४चा घ्या, पण तो डावीकडून चालणाऱ्या रस्त्यासाठीचाच आहे ना ते विचारून. नाहीतर झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका. एलईडीचे बल्ब या जुन्या रिफ्लेक्टरमध्ये मी लावत नाही आणि कुणाला सुचवतही नाही, समोरच्याला आंधळं करतात.

जोडणी

रिले म्हणजे थोड्या करंटवर चालणारा मोठा स्विच. आतापर्यंत तुमच्या स्टीअरिंगजवळचा स्विच नऊ अँपिअर वाहत होता. आता तो फक्त रिलेला "लाग" म्हणून सांगेल, त्याला जेमतेम ०.१५ अँपिअर पुरतात. बल्बचा करंट बॅटरीतून थेट, जवळच्या वाटेने, जाड वायरीतून जाईल.

बॅटरीचा मायनस काढा. हे पहिलं, आणि परत जोडणं सगळ्यात शेवटी.

एक रिले डिपरचा, एक अप्परचा. बॅटरीच्या प्लसपासून दोन जाड वायरी निघतात, प्रत्येकीला वीतभर अंतराच्या आत आपापला फ्यूज, मग ती आपल्या रिलेच्या ३० नंबरला. फ्यूज बॅटरीजवळच हवा. फ्यूजच्या अलीकडे वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर तिला थांबवणारं काही नसतं. फ्यूज वेगवेगळे अशासाठी की घाटात डिपरचा गेला तर अप्पर तरी राहतो.

डिपरच्या रिलेच्या ८७ पासून दोन वायरी निघून दोन्ही बल्बच्या डिपर पिनांना, अप्परच्या रिलेच्या ८७ पासून दोन्ही अप्पर पिनांना. बल्बला तीन पाती असतात. वरची आडवी डिपरची. उभ्या दोनांतली अप्परची कुठली आणि अर्थिंगची कुठली हे अंदाजाने ठरवू नका, जुन्या होल्डरमधून मीटरने शोधा: बॅटरी काढण्याआधी अप्पर लावून कुठे बारा व्होल्ट येतात ते बघून वायरीला टेप लावून ठेवा. दोन्ही बल्बच्या अर्थिंगच्या वायरी नव्या, अडीचच्या, घासलेल्या पत्र्यावर. मी आणखी एक वायर तिथून थेट बॅटरीच्या मायनसला नेली, जुन्या पत्र्याच्या सांध्यांवर माझा भरवसा नाही.

आता "लाग" सांगणारी वायर. एका बाजूचा जुना होल्डर, जो आता रिकामा झाला, त्यातली डिपरची वायर डिपर रिलेच्या ८६ला, अप्परची अप्पर रिलेच्या ८६ला. दोन्ही रिलेचे ८५ अर्थिंगला. मी वायरी कापल्या नाहीत, जुन्या होल्डरमध्ये पातीची टर्मिनल खोचली आणि वरून स्लीव्ह चढवली. दुसऱ्या बाजूचा जुना होल्डर टेप गुंडाळून बांधून ठेवला. उद्या रस्त्यात रिले बिघडला तर पाच मिनिटांत सगळं पूर्ववत करता येतं.

सुरुवातीला म्हटलेला फरक इथे. जिप्सीसारख्या सुझुकीच्या बनावटीच्या काही गाड्यांत स्विच प्लसच्या बाजूला नसतो, अर्थिंगच्या बाजूला असतो. बल्बच्या एका पिनेवर प्लस आधीच आलेला असतो आणि स्विच डिपरची किंवा अप्परची वायर अर्थिंगला टेकवतो. मीटरने शोधताना हे लगेच लक्षात येतं, कारण लावलेल्या पिनेवर बारा व्होल्ट दिसण्याऐवजी शून्य दिसतं. तिथे रिलेचा ८६ त्या सामाईक प्लसला आणि ८५ स्विचकडून येणाऱ्या वायरीला जोडायचा, बाकी तसंच.

क्रिम्प

या कामातलं निम्मं यश टर्मिनल दाबण्यात आहे. माझी पहिली सहा टर्मिनल मी कापून फेकली. वायरीचं टोक साधारण सहा मिलिमीटर सोला, एकही तार तुटता कामा नये. तारांना हलका पीळ द्या. टर्मिनलला दोन जोड्या पंख असतात, पुढची जोडी उघड्या तारेवर, मागची इन्शुलेशनवर. मागचीच जोडी हादरा झेलते, तीही तारेवर दाबली तर वायर सहा महिन्यांत तिथेच मोडते. पान्याने दाबल्यावर पंख गोल वळून तारेच्या पोटात शिरलेले दिसायला हवेत. मग जोर लावून ओढा. निसटलं तर ते आत्ताच निसटलेलं बरं. सोल्डर मी यात करत नाही. सोल्डर जिथे संपतो तिथे वायर कडक होते आणि नेमकी तिथे तुटते. स्लीव्ह टर्मिनल लावण्याआधी वायरीत ओवायला विसरू नका.

रिले बोनेटखाली शक्य तितक्या उंचावर लावा, पिना खाली, म्हणजे पाणी आत साचणार नाही. हिंदमाताला पाणी भरतं तेव्हा ते गाडीच्या किती वर येतं हे मुंबईकराला सांगायला नको. रिलेकडे येणारी वायर आधी थोडी खाली झुकवून मग वर न्या, तिच्यावरून ओघळणारं पाणी त्या झोलावरून गळून जातं. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं कडं) हवाच. वायरी पाइपमध्ये घाला. उंदीर पाइपही कुरतडतात, आमच्या कंपाउंडमध्ये दोन गाड्यांच्या वायरी त्यांनी खाल्ल्या आहेत. त्यामुळे महिन्यातून एकदा बोनेट उघडून बघणं आलंच.

चालू करताना

फ्यूज न घालता बॅटरीचा मायनस जोडा. मग मीटर ओहमवर घेऊन प्रत्येक फ्यूज डबीचं रिलेकडचं टोक आणि अर्थिंग यांच्यात बघा. दिवे बंद असताना तिथे काहीच जोडलेलं दिसता कामा नये. आकडा शून्याजवळ आला तर कुठेतरी शॉर्ट आहे. सगळं ठीक असेल तर डिपरचा फ्यूज घाला, दिवा लावा. टक्क. मग अप्परचा. अप्पर लावल्यावर डिपर बंद होतो ना ते बघा. दोन्ही फिलामेंट एकदम जळत राहिली तर बल्ब फार तापतो.

डिपर पंधरा मिनिटं चालू ठेवून प्रत्येक सांध्याला, होल्डरच्या मागच्या वायरीला, फ्यूजच्या डबीला हात लावा. कोमट चालेल. हात काढावासा वाटला तर ते टर्मिनल पुन्हा करा.

मग परत तेच चार आकडे. माझे आले: बॅटरीवर १३.७, बल्बवर १३.४. आधीच्या पावणेदोन पट उजेड, त्याच साठ-पंचावन्नच्या बल्बांतून. शेजारचे काका गॅलरीतून बघत होते, ते खाली आले आणि म्हणाले, "तुझ्या बाबांनी नवी घेतली तेव्हाही एवढी लख्ख नव्हती गं." पूर्ण व्होल्टेजवर बल्बचं आयुष्य मात्र थोडं कमी होतं, एक जोडी डॅशबोर्डच्या खणात ठेवा.

झोत लावणं

हे न करता गाडी रस्त्यावर काढू नका. उजेड वाढला म्हणजे समोरच्याला होणारा त्रासही वाढला. टायरमध्ये हवा बरोबर, टाकी अर्धी, चालकाच्या जागी कुणीतरी बसलेलं. सपाट जागी भिंतीसमोर पाच मीटरवर गाडी उभी करा. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा, त्याच्या पाच सेंटिमीटर खाली दुसरी रेघ. डिपरच्या झोताची वरची कड खालच्या रेघेवर यायला हवी, डावीकडे ती थोडी वर चढते ती फुटपाथच्या बाजूसाठी. दिव्याच्या कड्यातले दोन स्क्रू हेच करतात, एक वर-खाली, एक डावी-उजवीकडे. गंजून अडकले असतील तर आदल्या रात्री तेल सोडून ठेवा. एक दिवा पुठ्ठ्याने झाकून दुसरा लावा, मग उलट. पंधरा वर्षांवरच्या गाडीला दर पाच वर्षांनी आरटीओत नूतनीकरणासाठी न्यावं लागतं, तिथेही दिवे बघतात.

रिलेच्या सॉकेटवर मी पांढऱ्या टेपवर "अप्पर" आणि "डिपर" लिहून चिकटवलं आणि जोडणीचं चित्र काढून, प्लास्टिकमध्ये घालून, गाडीच्या कागदपत्रांत ठेवलं. पुढे हात घालणाऱ्या वायरमनला शोधत बसायला नको.

पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात पुन्हा मोजलं तर डावीकडे १३.४, उजवीकडे १३.१. उजव्या अर्थिंगच्या वॉशरखाली तांबूस थर आला होता. घासला, जेली लावली, आवळला. १३.४.